फिकट चेहरा आणि ताटावरचा ठपका

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदा-पंधरा किलोमीटरवर चितेगाव येतं. पैठण तालुक्यातलं हे गाव व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे राज्याला ठाऊक झालं. ती कंपनी दिवाळखोरीत गेली, पण या पट्ट्यात उद्योग आहेत आणि बाहेरगावहून कामाला आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. शुगर आणि बीपीचे रुग्ण जसे सगळीकडे वाढले तसे इथेही वाढले, आणि त्यांच्या मागोमाग किडनीचे. डायलिसिससाठी शहर गाठायचं, चार तास मशीनवर पडून राहायचं, संध्याकाळी थकून परत यायचं. अशा माणसाचा चेहरा हळूहळू पांढुरका होत जातो. जिना चढताना दम लागतो, ओट्यावर बसला की उठवत नाही. मग येणारा-जाणारा त्याच्या बायकोला विचारतो, "वहिनी, दादांना खायला-प्यायला नीट घालता ना? अंगात रक्तच दिसत नाही."

हा प्रश्न आपुलकीनेच विचारलेला असतो. पण तो ऐकणारी बाई आधीच पथ्याचं वेगळं शिजवते, रिपोर्टची पिशवी सांभाळते, एसटीत जागा धरते, आणि वर नवऱ्याच्या फिकट चेहऱ्याचा ठपकाही स्वतःवर घेते. तो ठपका शास्त्राला धरून नाही. किडनीच्या जुन्या आजारात रक्त का कमी होतं, ते कशाने वाढतं आणि कशाने वाढत नाही, याबद्दल आपल्याकडे इतके समज रुजले आहेत की त्यापायी रुग्णाचे महिने वाया जातात, आणि कधीकधी नवीन किडनी मिळण्याची संधीही हातची जाते.

गैरसमज: खाण्यात कमी पडतं म्हणून रक्त कमी होतं, बीट, डाळिंब, खजूर, गूळ दिला की भरून येईल

रक्तातल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात, दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास. किती तयार करायच्या, हे मगज स्वतः ठरवत नाही. तो हुकूम येतो किडनीकडून. किडनीतल्या काही पेशी प्राणवायूच्या पुरवठ्यावर सतत लक्ष ठेवून असतात. तो कमी पडला की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि मगज कामाला लागतो. मोठ्या माणसात या संप्रेरकाचा जवळजवळ नव्वद टक्के वाटा किडनीचा असतो, उरलेला थोडा यकृताचा. किडनी आक्रसत गेली की रक्त गाळण्याबरोबर हे कामही मंदावतं. चितेगावच्या माणसाला हे कंपनीच्या भाषेत चटकन कळेल: मशीन धडधाकट आहे, कामगार हजर आहेत, कच्चा माल गोदामात आहे, पण ऑफिसातून ऑर्डरच खाली येत नाही. गेटवर आणखी दोन ट्रक माल आणून उतरवला म्हणून उत्पादन वाढणार नाही.

त्यात दुसरी अडचण अशी, की तयार झालेल्या पेशीही लवकर मरतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. किडनी निकामी झालेल्या शरीरात ती बऱ्याचदा साठ ते नव्वद दिवसांतच संपते, कारण रक्तात साचलेल्या घाणीत तिचा टिकाव लागत नाही. म्हणजे आवक घटलेली आणि नासाडी वाढलेली.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८३०च्या दशकातच किडनीच्या रुग्णांचा हा फिकटपणा टिपून ठेवला होता. त्याचं कारण हाती यायला शतकाहून जास्त काळ गेला. १९५७ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन, यूजीन गोल्डवॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले, आणि किडनी काढलेल्या उंदरांतच हे संप्रेरक तयार होत नाही, हे दाखवलं. ताटातल्या भाजीचा तिथे काही संबंध नव्हता.

बीटचा रस तांबडा असतो, पण त्या रंगाचा रक्ताशी काहीएक संबंध नाही. त्यात पोटॅशियम मात्र भरपूर असतं. शंभर ग्रॅम खजुरात साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. गूळ, नारळपाणी, डाळिंबाचा रस, पालक यांतही ते कमी नाही. निरोगी किडनी जादाचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. निकामी किडनीला ते जमत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत, "रक्त वाढेल" म्हणून प्रेमाने दिलेल्या ग्लासभर रसाने रुग्ण थेट तातडीच्या विभागात पोचू शकतो. गूळ-शेंगदाण्याच्या लाडवात पोटॅशियमच्या जोडीला फॉस्फरस येतं, आणि शुगरच्या रुग्णाला वर साखर.

याचा अर्थ खाणं महत्त्वाचं नाही असा मुळीच नाही. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात, डायलिसिस सुरू न झालेल्याला बेताची लागतात, आणि हा हिशेब रिपोर्ट पाहून आहारतज्ज्ञच सांगू शकतात. पण एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, खाली आलं म्हणून स्वयंपाकघराकडे बोट दाखवणं चूक आहे. ज्यांना बोट दाखवायचंच आहे त्यांनी त्या वहिनींचं स्वतःचं एचबी कधी तपासलं होतं, हे विचारावं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळलं. त्यांच्यातल्या बहुतेकींना लोह असलेला आहार आणि गोळ्या खरोखरच उपयोगी पडतात. बीट-खजुराचा सल्ला द्यायचाच तर तिला द्यावा, आणि तिच्या ताटात ते पडतंय ना, हे पाहावं.

गैरसमज: थकवा किडनीच्या माणसाला राहायचाच

"किडनी फेल म्हटल्यावर दमणार नाही तर काय?" असं म्हणून घरचे आणि रुग्ण दोघंही गप्प बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली आणि स्त्रीचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. किडनीचं काम साठ टक्क्यांच्या खाली आलं की ही घसरण सुरू होऊ शकते, तीस टक्क्यांच्या खाली ती फार जणांत दिसते. म्हणजे डायलिसिसची वेळ येण्याच्या पुष्कळ आधी. किडनीच्या कामाचा अंदाज देणारं क्रिएटिनिन दर खेपेला पाहिलं जातं, एचबीचा कागद मात्र फाइलमध्ये मागे राहतो. आजार मध्यम असेल तर वर्षातून निदान एकदा, पुढच्या टप्प्यात वर्षातून दोनदा आणि डायलिसिसवर असताना साधारण दर महिन्याला हिमोग्लोबिन पाहायला हवं. रक्त फार काळ कमी राहिलं तर तीच प्राणवायूची गरज भागवायला हृदयाला जास्त राबावं लागतं, त्याचा डावा कप्पा जाड होत जातो. किडनीचे बरेच रुग्ण शेवटी हृदयाच्या आजाराने जातात. थकवा सहन करत राहण्याची किंमत तिथे मोजावी लागते.

गैरसमज: लोहाच्या गोळ्या चालू आहेत, मग आणखी काय हवं?

गोदामात माल आहे असं वर म्हटलं, पण किडनीच्या आजारात बऱ्याचदा त्या गोदामालाच कुलूप लागलेलं असतं. हेप्सिडिन नावाचा एक पदार्थ यकृतात बनतो. शरीरात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की तो वाढतो, आणि निकामी किडनी तो बाहेरही टाकू शकत नाही. तो वाढला की आतड्यातून लोह रक्तात शिरत नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर निघत नाही. गोळी पोटात जाते आणि बरीचशी शौचावाटे निघून जाते. हेप्सिडिनचा शोध २०००च्या सुमाराचा. त्याआधी डॉक्टरांनाही हे कोडं नीट उलगडलेलं नव्हतं.

म्हणून नुसत्या एचबीवर भागत नाही. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन अशा दोन तपासण्या लागतात. पहिली सांगते साठा किती, दुसरी सांगते त्यातलं वापरात किती. यात एक फसगत आहे. फेरिटिन सुजेनेही वाढतं, त्यामुळे रिपोर्टवर ते चारशे दिसलं म्हणून "लोह भरपूर आहे" असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही. दुसरा आकडा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर मगज लोहासाठी उपाशीच आहे.

डायलिसिसच्या रुग्णाचं लोह आणखी एका वाटेने जातं. प्रत्येक खेपेला नळ्यांत आणि फिल्टरमध्ये थोडं रक्त राहतं, तपासणीसाठी काढलं जातं, सुईच्या जागेतून जातं. वर्षाकाठी एक ते तीन ग्रॅम लोह असं निघून जाऊ शकतं, आणि माणसाच्या अंगात सगळं मिळून लोह असतं तीन-चार ग्रॅमच. ही तूट गोळ्यांनी भरत नाही, शिरेतून लोह द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये डायलिसिसवरच्या २,१४१ रुग्णांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. साठा ठरावीक मर्यादेच्या वर जाईपर्यंत दर महिन्याला ४०० मिलिग्रॅम लोह शिरेतून दिलेल्या गटात मृत्यू आणि हृदयाचे झटके मिळून कमी झाले, आणि रक्त वाढवण्याच्या इंजेक्शनचे डोसही कमी लागले. सलाईनमधून लोह देताना क्वचित रिअॅक्शन येते, म्हणून ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं. अंगात ताप आणि जंतुसंसर्ग जोरात असताना ते सहसा पुढे ढकलतात.

डायलिसिस सुरू झालेलं नाही अशा रुग्णाला गोळ्यांचा महिना-तीन महिने प्रयोग करून पाहता येतो. मात्र त्या चहाबरोबर, किंवा फॉस्फरस कमी करायला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतल्या तर वायाच जातात.

गैरसमज: एक बाटली रक्त चढवलं की काम झालं, घरच्यांचं असेल तर सगळ्यात उत्तम

माझ्या मते या साऱ्या समजांत सर्वांत जास्त नुकसान करणारा हाच.

रक्ताची एक पिशवी हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढवते, आणि ते काही आठवड्यांत पुन्हा उतरतं, कारण मूळ हुकूम देणारी किडनी तशीच असते. मग आणखी एक पिशवी, मग आणखी एक. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही. पाण्याचा भार वाढतो. जुन्या साठवलेल्या रक्तातून पोटॅशियम येतं. रक्तपेढ्यांतल्या तपासण्यांमुळे कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका पूर्वीच्या मानाने पुष्कळच घटला आहे, पण तो शून्य झालेला नाही.

खरी मेख याच्या पुढे आहे. दुसऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर त्या माणसाच्या ऊतींच्या खुणा असतात. त्या परक्या खुणा पाहून रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. पुढे किडनी प्रत्यारोपणाची वेळ येते तेव्हा दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्त समोरासमोर आणून क्रॉसमॅच करतात. प्रतिपिंडं असली की क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो आणि किडनी हाताशी असूनही बसवता येत नाही. जिला दोन-तीन मुलं झाली आहेत अशा स्त्रीच्या रक्तात गरोदरपणामुळेच अशी प्रतिपिंडं असू शकतात. तिला वर चार पिशव्या चढल्या तर जुळणारी किडनी मिळणं फारच कठीण होतं. पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त हा धोका कमी करतं, पुसून टाकत नाही.

आता "घरच्यांचंच रक्त चांगलं" या भावनेकडे पाहा. नवऱ्याने बायकोला, भावाने बहिणीला, मुलाने आईला रक्त दिलं की आपण कृतार्थ होतो. पण किडनी देण्याचीही वेळ आली तर पुढे येणार हीच माणसं. त्यांच्या रक्ताची पिशवी आधी चढली असेल तर रुग्णाचं शरीर नेमकं त्यांच्याच विरुद्ध तयार होऊन बसण्याचा धोका असतो. शिवाय जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे, पण झाली तर बहुधा जीवघेणी ठरते. म्हणून घरच्यांनी रक्तदान जरूर करावं, पण ते रक्तपेढीत, इतरांसाठी. मराठवाड्यात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय केंद्रामार्फत होतं. तिथल्या प्रतीक्षायादीत नाव घालायचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पिशवी चढवण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: "यांचं ट्रान्सप्लांट करायचं आहे. रक्त टाळता येईल का?"

रक्त कधीच चढवू नये असं कुणी समजू नये. जोराचा रक्तस्राव, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, तातडीची शस्त्रक्रिया अशा वेळी पिशवी जीव वाचवते आणि तेव्हा नकार देणं घातक. शक्य तेव्हा ती डायलिसिस चालू असतानाच देतात, म्हणजे जादाचं पाणी आणि पोटॅशियम लगेच निघून जातं.

पन्नास वर्षांपूर्वी मात्र फारसा दुसरा मार्ग नव्हता. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटलेले जयप्रकाश नारायण किडन्या निकामी झालेल्या अवस्थेत मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले आणि ८ ऑक्टोबर १९७९ला पाटण्यात त्यांचं निधन होईपर्यंत डायलिसिसवर जगले. त्या काळात जगातल्या कुठल्याच डॉक्टरकडे किडनीच्या रुग्णासाठी एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन नव्हतं. आज ते तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळतं. ज्या काळात पिशवीशिवाय फारसं गत्यंतर नव्हतं त्या काळची सवय आपण अजून का चालवतो, हे मला कळत नाही.

गैरसमज: ती इंजेक्शनं स्टेरॉइडसारखी असतात, एकदा घेतली की सवय लागते

ती स्टेरॉइड नाहीत. किडनी जे एरिथ्रोपोएटिन करत होती, तेच बाहेरून दिलं जातं, मधुमेहात इन्सुलिन देतात तसं. कायम घ्यावं लागतं, कारण किडनी ते करत नाही. त्याला सवय म्हणणं बरोबर नाही. नवीन किडनी बसली आणि चालू लागली की बहुतेकांचं इंजेक्शन सुटतं, तीच किडनी पुन्हा हुकूम द्यायला लागते. काहींच्यात तर एचबी गरजेपेक्षा वर जातं आणि ते खाली आणण्यासाठी औषध द्यावं लागतं.

हे औषध हाती येण्यामागची मेहनत थक्क करणारी आहे. जपानमधले ताकाजी मियाके हे रक्ताच्या एका गंभीर आजाराच्या रुग्णांची लघवी जमवत राहिले, कारण त्यांच्या लघवीत हे संप्रेरक भरपूर उतरतं. २,५५० लिटर लघवीचा अर्क घेऊन ते शिकागोला गोल्डवॉसर यांच्याकडे गेले, आणि १९७७ मध्ये त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं अवघं दहा मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच्या आधारावर पुढे जनुक सापडलं, प्रयोगशाळेतल्या पेशींकडून ते बनवून घेता येऊ लागलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतल्यावर किंमत आवाक्याकडे सरकली. त्यातली एक, वोखार्ट, हिचा जैवऔषधांचा कारखाना वाळूजच्या एमआयडीसीत आहे, चितेगावहून काही फार लांब नाही.

आता गोळीच्या रूपातही पर्याय आला आहे. शरीर प्राणवायूची कमतरता कशी ओळखतं, या शोधासाठी २०१९ चं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. रॅटक्लिफ मुळात किडनीचेच डॉक्टर. त्या ज्ञानावर उभी राहिलेली डेसिड्युस्टॅट ही गोळी झायडस कंपनीने तयार केली आणि २०२२ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. ती कुणाला चालेल हे तज्ज्ञांनीच ठरवायचं.

इंजेक्शन गुण देत नाही अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. त्यामागे लोहाची कमतरता, अपुरं डायलिसिस, लपलेला जंतुसंसर्ग ही कारणं असतातच, पण एक साधं कारण विसरलं जातं. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात शहरातल्या दुकानातून घेतलेली कुपी खिशात घालून एसटीने चितेगाव, बिडकीन, पैठण गाठलं तर औषधातला दम वाटेतच कमी होण्याची भीती असते. बर्फाच्या पाकिटासह छोट्या डब्यात न्यावी. बर्फ कुपीला चिकटून नसावा, कारण गोठलं तरी औषध खराब होतं. आणि कुपी हलवून फेसाळू नये.

याच औषधाने रक्तदाब चढू शकतो. इंजेक्शन चालू असताना बीपी मोजणं टाळू नये.

गैरसमज: एचबी जितकं वर तितकं बरं, चौदा-पंधरापर्यंत न्या

हा समज एके काळी डॉक्टरांचाही होता. मग २००६ आणि २००९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. २००९ च्या चाचणीत मधुमेह आणि किडनीचा आजार असलेले ४,०३८ रुग्ण होते. एका गटाचं हिमोग्लोबिन इंजेक्शनने १३ पर्यंत न्यायचं ठरवलं होतं. त्या गटात पक्षाघात झाले १०१ जणांना, दुसऱ्या गटात ५३ जणांना. तेव्हापासून इंजेक्शन घेणाऱ्याचं एचबी साधारण १० ते ११.५ च्या दरम्यान ठेवतात आणि १३ च्या वर मुद्दाम नेत नाहीत. शेजाऱ्याचं एचबी पंधरा आहे आणि आपल्या माणसाचं अकराच आहे म्हणून डॉक्टर बदलायची गरज नाही.

गैरसमज: डायलिसिसच रक्त शोषून घेतं

नळ्यांतून रक्त फिरताना दिसतं, त्यामुळे ही भीती स्वाभाविक आहे. एका वेळी शरीराबाहेर असलेलं रक्त पाव लिटरच्या आसपास असतं आणि शेवटी जवळजवळ सगळं परत दिलं जातं. उलट डायलिसिस पुरेसं झालं, म्हणजे आठवड्यातून तीनदा चार-चार तास, तर रक्तातली घाण कमी होऊन मगज जास्त चांगला काम करतो. खर्चापायी किंवा प्रवासापायी तीनाचं दोनावर आणलं की त्याचा फटका एचबीलाही बसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात डायलिसिसची सोय आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला इंजेक्शन आणि लोहाचा खर्च कशात बसतो, हेही विचारून घ्यावं.

रक्ताला खरा धोका असतो तो पाण्याचा. चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटरच्या घरात पाणी लागतं आणि ते फिल्टरच्या पातळ पडद्यापलीकडून रक्ताच्या शेजारी वाहतं. पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामीन कोळशाच्या फिल्टरने काढलं नाही तर तांबड्या पेशी फुटतात. तुरटीमधलं अॅल्युमिनियम अंगात साचलं तर रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात, मेंदूवरही परिणाम होतो. १९७०च्या दशकात परदेशातल्या डायलिसिस केंद्रांनी हे भोगलं आहे. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या आपल्या भागात केंद्रातलं आरओ यंत्र आणि पाण्याच्या तपासण्या यांबद्दल विचारण्यात संकोच नको. एकाच केंद्रातल्या अनेक रुग्णांचं एचबी एकदम घसरलं तर आधी पाणी तपासावं.

गैरसमज: प्लेटलेट दोन लाख आहेत, म्हणजे रक्त व्यवस्थित थांबेल

संख्या बरोबर असूनही किडनीच्या रुग्णाच्या प्लेटलेट आळसावलेल्या असतात. साचलेल्या विषारी घटकांमुळे त्या एकमेकींना आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट चिकटत नाहीत. हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, थोडं आपटलं तरी काळंनिळं पडतं. रक्त कमी असणंही यात भर घालतं: तांबड्या पेशी दाटीने वाहताना प्लेटलेटना भिंतीकडे ढकलत असतात, त्या विरळ झाल्या की हे ढकलणंही थांबतं. त्यामुळे एचबी सुधारलं की रक्तस्रावही आटोक्यात येतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला किडनीच्या आजाराची आधी कल्पना द्यावी, आणि डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेला दिवस टाळावा.

हेच शरीर दुसऱ्या बाजूने गुठळ्याही करतं. लघवीतून फार प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांत गुठळ्या रोखणारी प्रथिनंही वाहून जातात. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला तर ती नेहमीची सूज समजून घरी थांबू नये.

पांढऱ्या पेशींचंही तसंच. मोजणीत पुरेशा, लढाईत कमजोर. म्हणून कावीळ बी ची लस डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रेत देतात, आणि बारीक तापाकडेही दुर्लक्ष करायचं नसतं.

गैरसमज: किडनीचा रुग्ण आहे, रक्त किडनीमुळेच कमी असणार

आतापर्यंत वाचलेलं सगळं खरं असूनही इथे सावध राहायला हवं, कारण किडनीच्या नावाखाली दुसरा आजार दडून बसतो. मूळव्याध, पोटातला अल्सर, पाळीत जास्त रक्त जाणं हे किडनीच्या रुग्णालाही होतं. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर ते सांगावं, लोहाच्या गोळीनेही रंग काळा होतो पण फरक डॉक्टरांना कळतो. पैठणच्या परिसरात माळकरी घरं पुष्कळ. मांसाहार नाही, वरून शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि तिथे एरिथ्रोपोएटिनची कितीही इंजेक्शनं दिली तरी उपयोग होत नाही. बी-१२ ची तपासणी साधी आहे.

शिफ्टमध्ये उभं राहून कंबर धरली की मेडिकलमधून दुखण्याची गोळी घ्यायची, ही कामगार वस्तीतली रोजची रीत. त्या गोळ्या किडनीला मारक आहेतच, शिवाय त्या पोटात जखमा करतात आणि तिथून नकळत रक्त जातं. किडनी "मुळापासून बरी" करणारी भस्मं विकली जातात. काहींत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं रक्त आणि किडनी दोन्ही खराब करतं.

सर्वांत जास्त निसटतो तो मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातला कर्करोग. पन्नाशी-साठी ओलांडलेला माणूस, कंबर किंवा बरगड्या दुखतात, एचबी आठ, क्रिएटिनिन वाढलेलं, पण ना शुगर ना जुनं बीपी, आणि सोनोग्राफीत किडन्या आक्रसलेल्या नाहीत. किडनी जितकी बिघडली आहे त्या मानाने रक्त फारच कमी. असं चित्र असेल तर रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन या तपासण्या मागून घ्याव्यात. या आजारात मगजातल्या बिघडलेल्या पेशी प्रथिनांचे तुकडे इतके सोडतात की ते किडनीच्या नलिकांत अडकून बसतात. त्यात दुखण्याच्या गोळ्यांची भर पडली की किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. मायलोमावरची औषधं वेळेत सुरू झाली तर यातल्या काही रुग्णांची किडनी पुन्हा चालू लागते आणि डायलिसिस सुटतं.